पेले धुणे : आठ मिनिटे

रविवार, सहा एप्रिल दोन हजार पंचवीस. सकाळचे नऊ वाजून बावन्न मिनिटे. उपस्थिती सत्त्याऐंशी, पैकी पुरुष एकतीस, स्त्रिया एकेचाळीस, मुले पंधरा.

ही मोजणी शमुवेल रणपिसे यांनी दुसरे गीत चालू असतानाच, ओठ न थांबवता केली होती. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला गाणे आणि मोजणे एकाच वेळी जमते. त्याआधी पुण्याच्या तंत्रनिकेतनात त्यांनी तीन वर्षे पदविकेचा अभ्यास केला होता, आणि तिथल्या एका शिक्षकांचे वाक्य ते आजही तरुणांना ऐकवीत : जे मोजले नाही, ते झाले असे समजू नये.

दौंडच्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीत 'वडील' म्हणजे कोणाचा बाप नव्हे; मंडळीने निवडून दिलेला कारभारी. असे पाच वडील होते आणि त्यांत रणपिसे ज्येष्ठ. लहानथोर त्यांना आप्पा म्हणत. दर रविवारी सूचना वाचण्याचे काम त्यांच्याकडे होते. सूचना क्रमवार, टंकलिखित आणि सहा मिनिटांत संपणाऱ्या असत. सातवे मिनिट लागले तर ते स्वतःवरच नाराज होत.

त्या दिवशी सूचना सात होत्या. वसंतातले हे दिवस मंडळीच्या वर्षातले सर्वांत गर्दीचे. झावळ्यांच्या रविवारची फेरी रेल्वे मैदानावरून निघेल, झावळ्या खुटबावचे बबनराव आणतील. गायकवृंदाचा सराव रोज सायंकाळी सहाला. उत्तम शुक्रवारची भक्ती दुपारी बारा ते तीन. ईस्टरची सूर्योदय उपासना पहाटे साडेपाचला, आणि नऊ वाजता प्रभुभोजन. सुट्टीतल्या मुलांच्या शास्त्रवर्गाची नावनोंदणी सुरू आहे. महिला मंडळाने शनिवारी उपासनामंदिराची साफसफाई करावी.

सातवी सूचना त्यांनी त्याच आवाजात वाचली. सलग चार प्रभुभोजनांत हजेरीची पत्रिका जमा न केल्यामुळे, नियम अकरानुसार, पुढील चौघांची नावे पूर्ण सभासदांच्या यादीतून कमी करण्यात येत आहेत. पहिली तीन नावे पिंपरीला आणि नाशिकला स्थलांतरित झालेल्यांची होती. चौथे होते, धुरपदा कोंडिबा सोनवणे, मुक्काम न्हावरे.

सहा मिनिटांना वीस सेकंद कमी लागली. आप्पांनी चष्मा मिटला.

भक्ती संपल्यावर करुणा पाटोळे कार्यालयात आली. करुणा रेल्वे शाळेत शिकवायची आणि गायकवृंद सांभाळायची. स्वभावाने शांत, पण प्रश्न विचारायला लागली की वर्गातल्यासारखे उत्तर मिळेपर्यंत थांबायची. तिने टेबलावर लाकडी ट्रे ठेवला. प्रभुभोजनाचे बोटभर उंचीचे काचेचे पेले ठेवण्यासाठी आप्पांनीच तो स्वतःच्या हाताने, भोके पाडून, बनवला होता.

"आप्पा, नाताळाला पेले कुणी धुतले?"

महिला मंडळाने, असे आप्पा म्हणाले.

"महिला मंडळाने म्हणजे कुणी?"

आप्पांनी कपाटातून नाताळचे वेळापत्रक काढले. वेळापत्रक ते मिनिटाबरहुकूम करीत. दहा वीस, पहिली तुकडी, साठ सभासद. दहा एकतीस, पेले धुणे, आठ मिनिटे. दहा एकोणचाळीस, दुसरी तुकडी. प्रत्येक ओळीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव होते. उपासना चालवणारे पाळकसाहेब, करुणा, स्वतः आप्पा. पेले धुण्याच्या ओळीपुढे मात्र नुसती मिनिटे होती.

करोनानंतर मंडळीने प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीत, एकाच प्याल्यातून द्राक्षरस पिण्याची जुनी रीत सोडली आणि हे छोटे पेले आणले. पेले होते साठ. येणारे होते नव्वदच्या वर. साठ पेले मध्ये एकदा धुतले की भागते, हा हिशेब आप्पांचा. तो चोखही होता. चार वर्षे दर वेळी पहिली तुकडी उठली की कोणीतरी मागच्या खोलीत ट्रे नेई, पेले धुऊन, पुसून, द्राक्षरसाने भरून बाहेर पाठवी. शेवटचा ट्रे बाहेर गेला की लगोलग पाळकसाहेबांचे आशीर्वचन सुरू होई. त्या कोणीतरीला पुढे येऊन गुडघे टेकायला वेळच उरत नसे.

"धुरपदामावशी," करुणा म्हणाली. "आज तुम्ही नाव वाचलंत तेव्हा त्या शेवटच्या बाकावरच होत्या. मागच्या दाराने गेल्या. चपला हातात घेऊन गेल्या आप्पा, वाजू नयेत म्हणून."

आप्पांनी ट्रेकडे पाहिले. साठ भोके. एकही वाकडे नव्हते.

पत्रिकेची पद्धतही त्यांचीच होती. गेल्या ईस्टरपासून प्रभुभोजनाच्या सकाळी ते दारात उभे राहून प्रत्येक सभासदाला क्रमांक घातलेली पत्रिका देत. सभासदाने पुढे येताना ती थाळीत टाकायची. म्हणजे चारही वेळा धुरपदाबाईंच्या हातात पत्रिका ठेवणारा हात त्यांचाच होता. चारही वेळा त्यांनी तिला "कसं काय, बरं आहे ना" विचारले होते, आणि चारही वेळा संध्याकाळी वहीत तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिले होते. पत्रिका दिल्याची नोंद ते ठेवीत नसत. जे मोजले नाही, ते झाले नाही.

दुसऱ्या कोणाच्या हातून हे घडले असते तर आप्पांनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला असता. स्वतःसाठी त्यांनी आठवडाभर खपून एक शुद्धिपत्रक तयार केले. त्याचे सहा मसुदे झाले. सहाव्यात एक शब्द सापडला आणि त्यांना हायसे वाटले.

तेरा एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, मंदिरभर शिंदीच्या झावळ्यांचा ओला वास होता आणि मुले एकमेकांना झावळ्यांनी गुदगुल्या करीत होती. शेवटचे बाक रिकामे होते. पाच सूचना वाचून झाल्यावर आप्पांनी सहावी वाचली : मागील रविवारी टंकनदोषामुळे श्रीमती धुरपदा सोनवणे यांचे नाव कमी केलेल्या यादीत आले होते, ते पूर्ववत समजावे.

बाहेर बबनराव फेरीतून उरलेल्या झावळ्या टेम्पोत भरत होते. खुटबावच्या या माणसाची जीभ नेहमीच मोकळी.

"काय आप्पा, तुमच्या मशीनलाबी म्हातारपन आलं म्हना की."

चारचौघे हसले. आप्पाही हसले. घरी येऊन जेवायला बसले, तर आपले ते हसणेच घासाबरोबर तोंडात फिरू लागले. करुणा हसली नव्हती. ती बाजूला उभी राहून झावळीची पाने एकेक करून सोलत होती.

जेवण झाल्यावर त्यांनी घरभेटींची वही उघडली. प्रत्येक वडिलाकडे एक विभाग असे. ईस्टरपूर्वी विभागातल्या प्रत्येक घरी जाऊन बसायचे, प्रार्थना करायची, विचारपूस करायची, हा वडीलकीचा पहिला नियम. शिरूर तालुक्यातली सहा घरे आप्पांची. न्हावऱ्याच्या सोनवणे घरापुढे 'भेट दिली' या रकान्यात तीन वर्षांच्या तीन खुणा होत्या, लाल शाईच्या, सारख्या उंचीच्या. पहिल्या वर्षी गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी पत्र पाठवले होते. पत्र म्हणजेही एक भेटच, असे तेव्हा मनाशी ठरवले. दुसऱ्या वर्षी ठरवावेही लागले नाही. तिसऱ्या वर्षीचे पत्र होते नाव कमी करण्यापूर्वीच्या ताकिदीचे, जावक क्रमांक सतरा. त्यालाही त्यांनी भेटीची खूण केली होती.

टंकनदोष खरा असता, तर ही वही त्यांना निर्धास्तपणे कोणापुढेही ठेवता आली असती. आता ती ठेवता येत नव्हती, हे त्यांना कळले. आणि हेही कळले की या तीन खुणांविषयी जगात एकट्या त्यांनाच ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवारी ते एसटीने निघाले. चौफुल्याला उतरून शिरूरकडची दुसरी गाडी धरावी लागली. जयंतीचा दिवस, रस्त्याला निळे झेंडे, गाडीत नवे कपडे घातलेली माणसे. उभ्याने प्रवास झाला. न्हावऱ्यात उतरेपर्यंत गुडघा बोलू लागला होता. दर रविवारी हाच प्रवास उलट्या दिशेने एक सत्तरीची बाई करते, हा विचार त्यांनी केला नाही असे नाही. पण तो फार वेळ धरून ठेवणे त्यांना झेपले नाही.

धुरपदाबाई घरी नव्हत्या. शेजारणीने हौसरावांच्या रानाकडे बोट दाखवले. तिथे काढलेल्या कांद्याचा मोठा पसारा होता आणि लिंबाच्या सावलीत सातआठ बाया पात कापत बसल्या होत्या. हौसराव, रानाचे मालक, बाजल्यावर बसून देखरेख करीत होते. इस्त्रीचा शर्ट आणि हातात कागदाची पिशवी पाहून ते सावरून बसले. कुठले, काय, अशी चौकशी झाली. दौंडच्या चर्चमधून आलोय म्हटल्यावर त्यांच्या मिशीत हसू आले.

"म्हंजी तुम्हीच का ते नाव कापनारं? आमच्यात सात-बाऱ्यावरचं नाव कापायचं तर तलाठ्याला धा येळा हेलपाटं घालाय लागत्यात. तुमचं बरं हाय, एका रविवारात मोकळं."

बाया खाली माना घालून हसल्या. म्हणजे गावात सर्वांना ठाऊक होते. आप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धुरपदाबाईंनी मात्र विळा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि मालकांना म्हणाल्या, "पाव्हणं हायेत माझं. जरा घरला जाऊन येते." हौसरावांनी मान हलवली.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. सून तेजश्री रांजणगावच्या कारखान्यात पाळीला गेली होती. धुरपदाबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि स्वतः उंबऱ्यापाशी बसल्या. आप्पांनी पिशवीतून शुद्धिपत्रक काढले, चष्मा लावला आणि मंदिरात वाचतात तसेच वाचून दाखवले.

धुरपदाबाईंनी नीट ऐकून घेतले. मग विचारले, "टंकनदोष म्हंजी काय, आप्पा?"

"टाइप करताना होणारी चूक. यंत्रावर."

"मशीननं केली व्हय?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला.

"आन् मशीन कुनाच्या हाताखाली व्हती?"

प्रश्नात टोचणी नव्हती. पडलेला खडू कोणाचा, असे एखाद्या मुलाला विचारावे तसा तो होता, आणि म्हणूनच त्यातून सुटायला वाट नव्हती. आप्पांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"माझ्या," ते म्हणाले.

मग त्यांनी वहीचे सांगितले. तीन वर्षे आपण या घरी आलो नाही आणि आल्याच्या खुणा केल्या, हे सांगताना ते कागदाच्या घडीकडेच पाहत होते. धुरपदाबाईंना बहुधा खुणांचे फारसे कळले नसावे. पण पत्राचा उल्लेख होताच त्या उठल्या, आतल्या फळीवरून कापडात बांधलेले गीतांचे पुस्तक घेऊन आल्या. वाचता येत नसले तरी सगळी गीते पाठ असल्याने त्या ते हातात धरून गात.

पुस्तकात मंडळीच्या शिक्क्याचे पाकीट होते. जावक क्रमांक सतरा. न फोडलेले.

"तेजश्री म्हनली, फोडून वाचते. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. दरसाल येतंय तसं ईस्टरचं बोलावनं आसंल. तारीख मला ठावं हाय. शिक्का हाय मंडळीचा, म्हून पुस्तकात ठिवलं."

पाकिटाच्या मागे चार पत्रिका होत्या. ईस्टर, जुलै, ऑक्टोबर, नाताळ. कोऱ्या करकरीत. आप्पांच्या अक्षरातले क्रमांक.

आप्पांनी विचारले, की चार वर्षांत एकदाही का सांगितले नाही. एकदा जरी म्हणाल्या असत्या की मला पुढे यायचे आहे, तर कोणीही पेले धुतले असते. विचारता विचारताच त्यांना कळत होते, की आपण दोष पुन्हा दुसऱ्याच्या पदरात टाकतो आहोत.

धुरपदाबाई जरा हसल्या. "कुनाला सांगू? समदी डोळं मिटून बसलेली आस्त्यात तवा." मग पुस्तकाला कापड गुंडाळीत म्हणाल्या, "आन् अगदीच न्हाई असं न्हाई, आप्पा. पेल्याच्या बुडाला एक थेंब ऱ्हातो. धुताना बोटाला लागतो. म्या म्हनायची, माझा वाटा तेवढा."

आप्पांना प्रार्थना करायची होती. घरभेटीचा तो शेवट असतो. शब्द जमेनात. शेवटी धुरपदाबाईंनीच हात जोडले, येताजाताना आप्पांचा गुडघा सांभाळ असे देवाला दोन वाक्यांत सांगितले, आणि आमेन म्हणून उठल्या. रानात कांदा पडला होता.

निघताना आप्पांनी ईस्टरला याल ना म्हणून विचारले.

"बघू," त्या म्हणाल्या. "नाव भर मंडळीत वाचलं, आन् खरं काय ते सांगाया आला तुम्ही न्हावऱ्याला. हितं कोन हाय ऐकाया? कोंबड्या."

वीस एप्रिलला पहाटे सूर्योदय उपासना झाली. नऊच्या प्रभुभोजनासाठी आप्पा नेहमीप्रमाणे पत्रिका घेऊन दारात उभे राहिले. नऊला पाच मिनिटे असेपर्यंत न्हावऱ्याकडचे कोणी आले नव्हते. पत्रिकांची उरलेली गड्डी दुसऱ्या वडिलांकडे देऊन ते आत गेले. आणि आता धुरपदाबाईच ऐकायला नाहीत, तर आपली चूक सविस्तर वाचण्याची गरजच काय, असा एक विचार त्याच क्षणी डोके वर काढून गेला. त्या विचाराची त्यांना पुढे कित्येक दिवस शरम वाटत राहिली.

सूचनांना उभे राहिले तेव्हा शेवटच्या बाकावर, मागच्या खोलीच्या दाराशी, हिरवे लुगडे दिसले. धुरपदाबाई केव्हा येऊन बसल्या ते मोजणीतून निसटले होते.

त्या दिवशीचा कागद टंकलिखित नव्हता. हाताने लिहिलेला होता.

"सूचना क्रमांक एक. सहा एप्रिलला मी न्हावऱ्याच्या धुरपदा सोनवणे यांचे नाव यादीतून कमी केले. तेरा तारखेला मी त्याला टंकनदोष म्हणालो. टंकनदोष नव्हता. त्या प्रत्येक प्रभुभोजनाला हजर होत्या. मागच्या खोलीत आपले पेले धूत होत्या, आणि मी त्यांना गैरहजर लिहिले. मी त्यांचा विभागवडील आहे. तीन वर्षे त्यांच्या घरी गेलो नाही आणि वहीत गेल्याच्या खुणा केल्या. त्या मी खोडल्या आहेत. मी त्यांची आणि मंडळीची क्षमा मागतो."

पंखे फिरत होते. बबनरावांनी घसा साफ केला आणि जमिनीकडे पाहिले. धुरपदाबाईही मांडीवरच्या पुस्तकाकडेच पाहत होत्या. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखे नव्हते.

"सूचना क्रमांक दोन. आज पेले रणपिसे धुतील."

पहिली तुकडी उठल्यावर आप्पा दोन्ही बाह्या सरसावून मागच्या खोलीत गेले. मोरी बुटकी होती. वाकूनच उभे राहावे लागे. पेले इतके अरुंद, की त्यांचे जाड बोट तळापर्यंत पोहोचत नव्हते. दुसराच पेला हातातून निसटून मोरीच्या कडेवर फुटला. प्रत्येकाच्या बुडाला खरोखरच एक थेंब होता, लाल, मसुराएवढा. एक पेला त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. मग तोही धुतला. बाहेर करुणाने एक गीत संपवले, दुसरे घेतले, तेही संपल्यावर तिसरे घेतले. वेळापत्रकातल्या आठ मिनिटांना एकोणीस लागली.

दाराच्या फटीतून त्यांना दुसरी तुकडी दिसत होती. धुरपदाबाई सर्वांत शेवटी उठल्या. थाळीत पत्रिका टाकली, पुढे जाऊन गुडघे टेकले, आणि पेला दोन्ही हातांनी धरला, इतका छोटा पेला कोणी दोन हातांनी धरीत नाही. रिकामा झाल्यावर त्यांनी तो उलटा करून बुडाकडे एकदा पाहिले आणि ट्रेमध्ये ठेवला.

आशीर्वचन झाले तेव्हा आप्पांची स्वतःची पत्रिका खिशात भिजून गेली होती.

दुपारी कार्यालयात बसून त्यांनी थाळीतल्या पत्रिका क्रमवार लावल्या. एक त्यात बसेना. ती आजची नव्हती. नाताळची होती, क्रमांक एकाहत्तर, आणि तिला कांद्याचा वास येत होता. जुनी पत्रिका ग्राह्य धरू नये, असा नियम चौदा होता. तोही त्यांनीच लिहिलेला. त्यांनी ती एकाहत्तराव्या जागी लावली आणि वही उघडली. नाताळाला आकडा शहाण्णव होता. त्यात तेव्हा त्यांची पत्रिका होती, धुरपदाबाईंची नव्हती. आज उलटे झाले होते. बाकी माणसे तीच. पुढे कोणी ही वही चाळली, तर दोन्ही दिवसांत काही फरक पडला असे त्याला दिसणार नव्हते.

त्यांनी नोंद केली. ईस्टर, २० एप्रिल २०२५. फुटलेले पेले १. जमा पत्रिका ९६.